न दिलेलं घेताना

भिक्षेला निघालेला मुनी गावात शिरतो. वेस त्याची नाही, गल्ली त्याची नाही, 'या महाराज' म्हणून कोणी बोलावलेलंही नाही. न दिलेलं घेणं ही जर चोरी, तर मुनीचं महाव्रत वेशीतच मोडलं की नाही? तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथावरच्या 'सर्वार्थसिद्धी' टीकेत आचार्य पूज्यपादांनी ही शंका स्वतःच काढली आहे आणि स्वतःच फेडली आहे. मोडलं नाही, कारण वेस आणि रस्ता सगळ्यांसाठीच मोकळे सोडलेले असतात. पण हाच मुनी बंद दार ढकलून आत जात नाही, कारण ते कोणी मोकळं सोडलेलं नाही.

दीड हजार वर्षांपूर्वीचा हा युक्तिवाद मला बस्तीत, म्हणजे आमच्या मंदिरात, बसून जितका आठवतो त्याहून जास्त बाणेरच्या ऑफिसात आठवतो. निमित्त बहुधा एकच असतं. टीममध्ये नवी पोरं येतात, लॅपटॉप हातात पडतो आणि वाद सुरू होतो की कोड लिहायला एडिटर कुठला, फुकटातला की विकतचा. पोरं फीचर्सची यादी काढतात. मला त्या यादीत रस आहे, कारण माझं पोट त्याच्यावर आहे. पण यादी संपल्यावर जो प्रश्न उरतो तो अचौर्य व्रताचा आहे असं मला वाटतं, आणि तो विचारला की पोरं माझ्याकडे जरा काळजीने बघतात.

आधी यादी. जावातल्या एखाद्या मेथडचं नाव बदलायचं आहे असं समजा. इंटेलिजे आयडिया या एडिटरात तिच्यावर कर्सर ठेवून शिफ्ट आणि एफ६ दाबा. नवीन नाव द्या आणि बदल आधी बघायला मागा. खाली एक खिडकी उघडते आणि ते नाव कुठल्या फायलीत, कुठल्या ओळीत, कॉमेंटमध्ये की अवतरणातल्या मजकुरात, कुठेकुठे आलंय ते सगळं उलगडून ठेवते. एखादी जागा नको असेल तर तेवढी वगळता येते. मग एकदाच होकार द्यायचा. विम या फुकटातल्या एडिटरमध्ये जुन्या पद्धतीने हेच करायचं तर शोधा-बदला असा हुकूम सोडून प्रत्येक जागी 'हो', 'नाही', 'हो' करत बसावं लागे, आणि त्याच नावाची भलतीच मेथड मध्ये आली तर ती ओळखायची जबाबदारी आपली. एडिटरला फक्त अक्षरं दिसत होती, अर्थ दिसत नव्हता.

अर्थ दिसण्याचेच पैसे होते. मार्टिन फाउलरचं रिफॅक्टरिंगवरचं, म्हणजे कोडचं काम न बदलता त्याची मांडणी सुधारण्यावरचं, पुस्तक 1999 मध्ये आलं आणि 2001 च्या जानेवारीत प्रागच्या जेटब्रेन्सचं इंटेलिजे आलं. लोकांनी पदरचे पैसे मोजून ते घेतलं. पण त्याच वर्षी आयबीएमने एक्लिप्स हा एडिटर सगळ्यांना खुला केला. 2009 मध्ये खुद्द इंटेलिजेचीच एक आवृत्ती ओपन सोर्स झाली. 2016 मध्ये मायक्रोसॉफ्टने लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल जाहीर केला, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातली मोठी घटना ती. तोवर प्रत्येक एडिटरला प्रत्येक भाषा वेगळी शिकवावी लागे. आता भाषेची समज एका वेगळ्या सर्व्हरमध्ये बसते आणि व्हीएस कोड असो, ईमॅक्स असो की निओव्हिम, कोणीही त्याला विचारू शकतो: या नावाची व्याख्या कुठे आहे, हे आणखी कुठे वापरलंय. व्हीएस कोडमध्ये एफ२ दाबून जावाची मेथड बदलते तेव्हा मागे राबत असतं ते एक्लिप्सचंच जुनं यंत्र.

विकतच्या दाराआड मग उरलं काय? डेटाबेसची खिडकी, स्प्रिंगसारख्या फ्रेमवर्कची खोल समज, प्रोफायलर आणि सगळं एका जागी नीट बसवलेलं असण्याची सोय. तेही सरकत असतं. 2024 च्या ऑक्टोबरात जेटब्रेन्सने वेबस्टॉर्म आणि रायडर बिगरव्यावसायिक वापराला फुकट केले. माझं मत विचाराल तर जावाचा मोठा, जुना, दहा हातांतून गेलेला कोड असेल तर विकतचं घ्या, त्याची किंमत वसूल होते. बाकी बहुतेकांना व्हीएस कोड पुरतो. आणि नुसता मजकूर कापायचा-जोडायचा असेल तर विमच्या जवळ कोणी येत नाही. कर्सर अवतरणाच्या आत कुठेही असो, तीन कळा दाबल्या की आतलं सगळं जातं आणि लिहायला जागा मोकळी होते. तेच पुढच्या ठिकाणी हवं असेल तर नुसतं टिंब दाबायचं.

झाली यादी. हा तक्ता दरवर्षी बदलतो, म्हणून त्याच्यावर धर्म ठरत नाही.

आमच्यातला सोलापूरकडचा एक पोरगा सब्लाइम टेक्स्ट वापरतो. कामाला वाघ आहे. सब्लाइम 2008 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या जॉन स्किनर यांनी एकट्याने काढला. एकाच वेळी दहा कर्सर घेऊन दहा ओळी बदलायची चटक आमच्या पिढीला लागली ती बहुतांशी याच्यामुळे. तो उतरवून घ्यायला पैसे लागत नाहीत आणि चाचणीला मुदत नाही. फक्त वर नोंदणी न केल्याची पाटी असते आणि फाइल सेव्ह करताना अधूनमधून एक छोटी खिडकी येते: वापरत राहायचं असेल तर लायसन्स विकत घ्या. 99 डॉलर. पोरगा ती खिडकी बघतही नाही; ती पुरती उमटायच्या आत त्याचं बोट एस्केपवर गेलेलं असतं.

"ताई, मुदत नाही असं तेच म्हणतात," तो म्हणाला. "कुलूपच लावलं नाही. मग चोरी कशी?"

हा प्रश्न मला फार आवडला, कारण पूज्यपादांनी काढलेली शंका नेमकी हीच आहे. कुलूप नसणं म्हणजे मोकळं सोडलेलं असणं का?

माझे वडील, अण्णा, सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे अडते. सौद्याला ढीग लागतो तेव्हा खरेदीदार मूठभर हळकुंडं उचलतो, एक मोडतो, आतला रंग बघतो. ही मूठ कोणी विकत घेत नाही आणि तिला कोणी हरकतही घेत नाही. दिवसभरात अशा मुठींचा बऱ्यापैकी साठा गाळ्यात जमतो. अण्णांचा नियम होता की नमुन्याची हळद शेतकऱ्याच्या ढिगात परत जाणार, मोडकी असली तरी. घरी एक कांडी आणायची नाही. आमच्या घरातली हळद किराणा दुकानातून पुडीने यायची, आणि अडत्याच्या घरी पुडीची हळद म्हणून आई आयुष्यभर त्यांची चेष्टा करत आली. शेतकऱ्याने मूठ दिली होती ती रंग बघायला. आमटीत घालायला दिली नव्हती.

सब्लाइमची चाचणी हा नमुना आहे. देणाऱ्याने कशासाठी दिलं ते स्पष्ट लिहिलंय. पहारा ठेवला नाही एवढंच. आणि तत्त्वार्थसूत्राची गोष्ट अशी की तिथे चोरीच्या व्याख्येत पहारेकऱ्याला जागाच नाही. वस्तू उचलणारं मन प्रमत्त आहे का, म्हणजे क्रोध-लोभासारख्या कषायांच्या नादाने बेपर्वा झालंय का, यावर सगळं ठरतं. पोरगा एस्केप दाबतो तेव्हा ऑस्ट्रेलियात कोणाला कळत नाही. त्या अर्ध्या सेकंदात जे काही घडतं ते फक्त त्याच्याच आत घडतं.

हे मी त्याला एवढं लांबण लावून सांगितलं नाही. "वापरतोस तर घे, कंपनीकडून भरपाई मिळते," म्हणाले. त्याने फॉर्म कुठे असतो विचारलं.

विमचं देणं वेगळ्या जातीचं आहे. नुसता विम उघडा. डाव्या कडेला टिल्डची रांग आणि मध्यभागी चार-सहा ओळी: आवृत्ती, ब्रॅम मोलेनार यांचं नाव, हे ओपन सोर्स आहे अशी सूचना, आणि मग बऱ्याचदा युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा अशी एक विनंती. मोलेनार हे डच प्रोग्रॅमर. विम त्यांनी 1991 मध्ये लोकांपुढे ठेवला. पुढे ते युगांडातल्या किबाले इथल्या बालकेंद्रावर स्वयंसेवक म्हणून राहून आले आणि त्यानंतर आपल्या एडिटरच्या दारात त्यांनी त्या मुलांसाठी हात पसरला. वापरायला पैसे लागत नाहीत. द्यावेसे वाटले तर तिकडे द्या. 2023 च्या ऑगस्टमध्ये ते गेले.

आपल्याकडे दान चार प्रकारचं सांगतात: आहार, औषध, शास्त्र आणि अभय. मोलेनारांनी शास्त्रदान केलं आणि बदल्यात दुसऱ्या कोणासाठी तरी आहार-औषध मागितलं. बस्तीतल्या स्वाध्याय मंडळात मी हे सांगितलं तेव्हा एक आजी पटकन म्हणाल्या, "ते सगळं खरं गं, पण तो जेवत होता कशावर?" प्रश्न रास्त आहे. ते अनेक वर्षं झुरिकला गुगलमध्ये नोकरीला होते. फुकटच्या एडिटरमागे कुठेतरी एक पगार असतो, हे त्या आजींना माझ्या टीममधल्या पोरांपेक्षा लवकर कळलं.

व्हीएस कोडमागचा पगार मायक्रोसॉफ्टचा आहे. 2015 मध्ये आलेल्या या एडिटरचा मूळ कोड एमआयटी लायसन्सखाली खरोखर खुला आहे. कोणीही घ्यावा, बदलावा. पण आपण सगळे जो तयार प्रोग्रॅम उतरवून घेतो त्याचं लायसन्स वेगळं आहे, आणि आपण तो कसा वापरतो याची माहिती तो कंपनीकडे पाठवत राहतो. सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करता येतं. किती जण जातात? मूळ कोडातून ही पाठवापाठवी काढून व्हीएसकोडियम नावाचा एडिटर बांधला जातो, पण त्याला मायक्रोसॉफ्टच्या एक्स्टेन्शनच्या बाजारात प्रवेश नाही. तो एक्लिप्स फाउंडेशनच्या ओपन व्हीएसएक्सवर जातो. पायथनसाठी जे पायलान्स बहुतेक जण वापरतात ते बंद लायसन्सचं आहे. म्हणजे वेस उघडी, रस्ता उघडा, आणि बाजारातल्या निवडक दुकानांना दार. यात फसवणूक नाही, सगळं लिहून ठेवलेलं आहे. पण हे दान आहे असं मात्र कोणी मला सांगू नये. हा व्यवहार आहे, आणि किंमत डॉलरमध्ये न छापल्यामुळे ती भरणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

इथे विकतच्या एडिटरची बाजू मला पटते. पैसे मोजले की दिलेलं काय आणि न दिलेलं काय हे दोघांनाही ठाऊक असतं. 2015 मध्ये जेटब्रेन्सने कायमचं लायसन्स सोडून वर्गणी लावायचं ठरवलं तेव्हा लोक चिडले ते निव्वळ पैशांवरून नव्हे. वर्गणी थांबली की हातातलं हत्यार काढून घेणार, तर मग आजवर आम्हाला दिलं काय होतं, असा तो सवाल होता. कंपनीने नमतं घेतलं: वर्षभर भरलंत तर त्या वर्षाच्या सुरुवातीची आवृत्ती कायम तुमच्याकडे. त्याही आधी, 1980 च्या दशकात, बोर्लंडने टर्बो पास्कलच्या लायसन्समध्ये हे फार सरळ भाषेत मांडलं होतं: हे सॉफ्टवेअर पुस्तकासारखं वापरा, एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ द्या, एका वेळी दोघांनी वापरू नका, इतकंच. आणि त्याच बोर्लंडचा टर्बो सी आमच्याकडे कॉलेजच्या लॅबमध्ये निळ्या पडद्यासह प्रत्येक यंत्रावर होता, एका फ्लॉपीवरून दुसऱ्या फ्लॉपीवर उतरलेला. त्याचं लायसन्स कोणाकडे आहे असं कोणी विचारल्याचं मला आठवत नाही. अचौर्याच्या अतिचारांत, म्हणजे व्रताला डाग लावणाऱ्या दोषांत, चोरून आणलेला माल घेणं आणि खऱ्याच्या नावाखाली खोटं चालवणं हे दोन्ही नावानिशी येतात. आम्ही लूप आणि पॉइंटर त्या मालावर शिकलो.

गांधीजींनी 1930 मध्ये येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमवासीयांना व्रतांवर पत्रं लिहिली. त्यांत अस्तेय त्यांनी आणखी ताणलं: गरज नसताना एखादी वस्तू घेतली तर मालकाच्या परवानगीने घेतली तरी ती चोरीच. आमच्या परंपरेत हे परिग्रहाखाली येईल, पण मुद्दा लागू आहे. फुकट म्हणून व्हीएस कोडमध्ये घातलेली एक्स्टेन्शन्स बघा. कंसांना रंग देणारं, त्याच कामाचं दुसरं, तीन थीम, कधीकाळी एका प्रोजेक्टला लागलेलं डॉकरचं काहीतरी. एडिटर उघडायला वेळ लागतो म्हणून तक्रार करणाऱ्याच्या यादीवर नजर टाकली की कारण समोरच असतं. विकतच्या वस्तूला निदान पैशांचा लगाम असतो. आणि तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाचं लक्षण वस्तूंची संख्या हे नाहीच, मूर्च्छा, म्हणजे आसक्ती, हे आहे. माझा एडिटर तुझ्या एडिटरहून थोर, यावर पन्नाशीचे शहाणे लोक रात्री जागून भांडतात, ती मूर्च्छा. ईमॅक्सवाल्या रिचर्ड स्टॉलमननी तर जुन्या कॉम्प्युटरच्या तबकडीची प्रभावळ डोक्यामागे लावून स्वतःला ईमॅक्स पंथाचा संत म्हणवून घेतलं. ते विनोदाने, पण त्यांचे काही अनुयायी विनोद विसरले.

इथवर माझा नियम मला सोपा वाटत होता: देणाऱ्याने ज्या कामासाठी मोकळं सोडलं त्याच कामासाठी घ्यावं. मग धवलेचा इतिहास वाचनात आला.

षट्खंडागम या प्राचीन जैन ग्रंथावरची वीरसेनाचार्यांची धवला टीका. तिच्या ताडपत्रांच्या पोथ्या कर्नाटकात मूडबिद्रीला होत्या, जुन्या कन्नड लिपीत, आणि शतकानुशतकं यात्रेकरूंना फक्त त्यांचं दर्शन मिळे. वाचायला नाही, उतरवून घ्यायला तर नाहीच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबई-सोलापूरच्या शेठ मंडळींच्या खटपटीने नक्कल करायचं काम सुरू झालं, तेही प्रती तिथेच राहतील या बोलीवर. नक्कल करणाऱ्या गजपती शास्त्रींनी त्याच वेळी गुपचूप एक प्रत स्वतःसाठी केली. ती बाहेर पडली, सहारनपूरला पोचली, तिथे तिच्यावरून नागरी प्रत होताना आणखी एक प्रत निसटली, आणि तिच्या नकला ठिकठिकाणच्या ग्रंथभांडारांत गेल्या. 1939 मध्ये आपल्या अमरावतीतून प्राध्यापक हिरालाल जैन यांनी धवलेचा पहिला छापील खंड काढला. आज माझ्या घरी ती आहे, ती या वाटेने आलेली.

माझ्या नियमाने हे अदत्तादान, म्हणजे न दिलेलं घेणं, आहे, उघड उघड. दार बंद होतं. आणि ते कोणी ढकललं नसतं तर मी ती वाचली नसती. अशा वेळी अनेकान्तवाद, सत्याला अनेक बाजू असतात हा विचार, पुढे करून सुटका करून घेता येते. आमच्यात ती खोड आहे. मला ते करायचं नाही. शास्त्र कोंडून ठेवणं हाही दोष आहे, ज्ञानाला आवरण घालणाऱ्या कर्माचा बंध त्याने पडतो असं तत्त्वार्थसूत्रच सांगतं. पण त्यामुळे गुपचूप केलेली नक्कल 'दिलेली' ठरत नाही. दोन दोष समोरासमोर उभे आहेत आणि एक दुसऱ्याला फेडत नाही, इतकंच मला दिसतं.

एआयवाले आता हेच उदाहरण आपल्या बाजूने देऊ शकतील. गिटहबचा कोपायलट 2021 मध्ये आला, 2022 पासून महिना 10 डॉलरला विकला जाऊ लागला, 2024 च्या डिसेंबरात त्याचा मर्यादित वापर फुकट झाला. आज फुकट की विकत या वादातलं सगळ्यात मोठं फीचर हेच. मी दोन अक्षरं टाइप केली की करड्या रंगात पुढच्या पाच ओळी उमटतात, टॅब दाबला की माझ्या होतात. त्या ओळी तो शिकला लोकांनी उघड्यावर ठेवलेल्या कोडवरून. त्यातल्या पुष्कळ कोडला अट होती की घ्या, पण माझं नाव आणि लायसन्स सोबत राहू द्या. 2022 च्या नोव्हेंबरात सॅन फ्रान्सिस्कोच्या कोर्टात काही प्रोग्रॅमरांनी यावरून दावा लावला. वेस उघडी होती, हे खरं. पण वेशीतून ये-जा करणं आणि वेशीचे चिरे नेऊन, वरची अक्षरं घासून, ते विकणं यात पूज्यपादांनी फरक केला असता असं मला वाटतं. उलट अमरावतीच्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेत हिरालालजींनी कोणाची प्रत कुठून कशी आली ते लिहून ठेवलंय, गुपचूप केलेल्या नकलेसकट. म्हणून तर मला आज ते माहीत आहे.

कोपायलट मी वापरते. त्यात एक सोय आहे: सुचवलेल्या ओळी एखाद्या उघड्या कोडशी जुळत असतील तर त्या मूळ ठिकाणाचा पत्ता आणि लायसन्स नोंदीत दाखवायचं. ती मी चालू ठेवली आहे आणि सोलापूरच्या पोरालाही चालू करायला लावली. टॅब दाबून झाला की आम्ही ती नोंद उघडून बघतो. बहुतेक वेळा तिथे कोणाचंच नाव नसतं, आणि त्याचा अर्थ काय घ्यायचा यावर आमचं अजून एकमत नाही.